शालू उतरल्यानंतर : स्त्रीपार्टी नटांचा उत्तरार्ध

मराठी रंगभूमीच्या इतिहासग्रंथांत स्त्रीपार्टी नटाचे प्रकरण एका ठरावीक वळणाने संपते. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी सांगलीत 'सीतास्वयंवर' केले, तेव्हापासून स्त्रियांच्या भूमिका पुरुषांनी करण्याची प्रथा रूढ झाली. पुढे बोलपट आला. १९३३ साली नाट्यमन्वंतरने 'आंधळ्यांची शाळा' रंगभूमीवर आणली, ज्योत्स्ना भोळे यांच्यासारख्या अभिनेत्री पुढे आल्या आणि ही कृत्रिम प्रथा मागे पडली. कृत्रिमतेकडून स्वाभाविकतेकडे, अशी ही मांडणी आहे. विद्यार्थ्यांच्या टिपणवह्यांतही ती याच शब्दांत उतरते.

ही मांडणी चुकीची आहे असे आमचे म्हणणे नाही. मात्र ती प्रथेबद्दल बोलते, माणसांबद्दल बोलत नाही. प्रथा संपली तेव्हा ती ज्यांच्या अंगात मुरली होती त्या नटांचे काय झाले? ज्यांनी उमेदीची वर्षे शकुंतला, सुभद्रा, शारदा होण्यात घालवली, त्यांना पुढे पुरुष म्हणून उभे राहावे लागले, तेव्हा आधीच्या कमाईचे त्यांनी काय केले? नटांच्या प्रारंभीच्या आणि नंतरच्या भूमिकांत तफावत असणे नवे नाही. येथे मात्र ती तफावत टोकाची आहे आणि ती एकाच वेळी अनेकांच्या वाट्याला आली. म्हणून तिच्याकडे थोडे थांबून पाहिले पाहिजे.

स्त्रीभूमिकेला वयाची मर्यादा असते, हे नाटक मंडळ्यांना पहिल्यापासून ठाऊक होते. किर्लोस्कर मंडळीचे भाऊराव कोल्हटकर 'सौभद्रा'तील सुभद्रा म्हणून गाजले. तारुण्य ओसरू लागल्यावर ते 'शापसंभ्रमा'तील पुंडरीकासारख्या पुरुषभूमिकांकडे वळले. १९०१ साली त्यांचे निधन झाले. लहान मुलगा कंपनीत येई, गोड गळ्यामुळे त्याला स्त्रीभूमिका मिळे, आवाज फुटला की त्याचे भवितव्य नव्याने ठरे. काहींना पुरुषभूमिका मिळत, काही पडद्यामागच्या कामाला लागत, काही घरी परतत.

केशवराव भोसले यांचा प्रवास या दृष्टीने बोलका आहे. १८९० साली जन्मलेला हा कोल्हापूरचा मुलगा स्वदेश हितचिंतक मंडळीत देवलांच्या 'शारदा'तील नायिका म्हणून पुढे आला. म्हाताऱ्या वराशी लग्न लावून दिल्या जाणाऱ्या मुलीची व्यथा एक कोवळा मुलगा गात होता आणि प्रेक्षक हेलावत होते. १९०८ साली केशवरावांनी हुबळीस ललितकलादर्श मंडळी काढली, 'राक्षसी महत्त्वाकांक्षा'त मृणालिनी रंगवली आणि नंतर ते पुरुषभूमिकांत स्थिरावले. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी 'संयुक्त मानापमान' झाले, तेव्हा बालगंधर्वांच्या भामिनीसमोर धैर्यधर म्हणून उभे होते ते केशवरावच. त्या रात्री एकाच रंगमंचावर स्त्रीपार्टी नटाची दोन भवितव्ये समोरासमोर आली होती. एकाने शालू उतरवून ठेवला होता, दुसऱ्याच्या अंगावर तो अजून होता. पुढे तीन महिन्यांतच, ४ ऑक्टोबरला, केशवराव गेले. मास्टर दीनानाथांनीही 'भावबंधना'तील लतिका आणि 'मानापमाना'तील धैर्यधर अशी दोन्ही टोके गाठली. संगीत नाटकात हे स्थित्यंतर शक्य होते, कारण भूमिका बदलली तरी गाणे कायम राहत होते. नटाची खरी ओळख गळ्यात होती, वेष दुय्यम होता.

चित्रपटाने हा आधार काढून घेतला. मूकपटात गळ्याला काम नव्हते. १९१३ साली दादासाहेब फाळके यांनी 'राजा हरिश्चंद्र' काढला, तेव्हा तारामतीच्या भूमिकेसाठी कोणतीही स्त्री तयार होईना. अखेर ग्रँट रोडवरच्या एका उपाहारगृहात काम करणारे अण्णा साळुंके तारामती झाले. १९१७ च्या 'लंकादहना'त तर राम आणि सीता या दोन्ही भूमिका त्यांच्याच होत्या. आज हा प्रकार गमतीचा वाटतो. पण त्यात एक सत्य दडलेले आहे. पडद्यावर स्त्री ही केवळ आकृती असेल, तर ती आकृती कोणीही धारण करू शकतो. साळुंके यांच्यामागे संगीत नाटकाची तालीम नव्हती, त्यामुळे मोडण्यासारखी परंपराही नव्हती. पुढे ते छायाचित्रणाकडे वळले आणि ज्या यंत्रासमोर ते सीता झाले होते त्याच्याच मागे जाऊन उभे राहिले. ज्याने दोन्ही बाजूंनी चौकट पाहिली असा हा आपल्या चित्रपटाचा पहिलाच नट म्हणावा लागेल.

केशवराव दाते यांची वाट निराळी. ते १९०७ साली महाराष्ट्र नाटक मंडळीत आले आणि प्रारंभी त्यांच्या वाट्याला स्त्रीभूमिका आल्या. ही मंडळी गद्य नाटकांची. तेथे गाण्याचा आसरा नव्हता. शब्द, मुद्रा आणि विराम यांवरच स्त्री उभी करावी लागे. तेच दाते पुढे 'आंधळ्यांची शाळा'त होते. म्हणजे ज्या प्रयोगाने स्त्रीपार्टी प्रथेच्या शेवटाची नांदी केली, त्याचे एक प्रमुख नट स्वतः जुने स्त्रीपार्टी होते. पुढे प्रभातच्या मराठी 'अमृतमंथना'त (१९३४) ते क्रूर राजगुरू झाले आणि 'कुंकू'त (१९३७) काकासाहेब.

काकासाहेबांपाशी आम्हांस क्षणभर थांबावेसे वाटते. ना. ह. आपटे यांच्या 'न पटणारी गोष्ट' या कादंबरीवरून घेतलेल्या या चित्रपटाचा विषय 'शारदा'चाच आहे: जरठविवाह. 'शारदा'त वधू मुलगा होत असे. 'कुंकू'त वधू शांता आपटे आहे, खरीखुरी, बंड करणारी स्त्री. आणि तिच्यासमोरचा वृद्ध वर आहे कधीकाळी स्वतः लुगडे नेसून रंगमंचावर आलेला नट. सुमारे चाळीस वर्षांत भूमिकांची अशी अदलाबदल झाली. दात्यांचा काकासाहेब खलपुरुष होत नाही. तो चुकलेला, ओशाळलेला, स्वतःच्या अन्यायाची जाणीव हळूहळू होत गेलेला माणूस आहे. समोरच्या पात्राचे ऐकून घेण्याची आणि ऐकता ऐकता आतून बदलण्याची जी कला या भूमिकेत दिसते, तिचे बीज आम्हांस त्यांच्या जुन्या स्त्रीभूमिकांत असावेसे वाटते. त्या काळच्या नाटकांत पुरुष बोलत आणि स्त्रिया सोसत, ऐकत. स्त्रीपार्टी नटाला ऐकण्याचा अभिनय शिकावाच लागे.

हाच धागा विष्णुपंत पागनीस यांच्यापाशी अधिक स्पष्ट होतो. तेही स्वदेश हितचिंतक मंडळीतले, तेही स्त्रीभूमिका करणारे. रंगभूमीपासून दूर होऊन ते मुंबईत संगीतशिक्षक झाले होते. दामले आणि फत्तेलाल यांच्या 'संत तुकारामा'साठी (१९३६) त्यांचे नाव पुढे आले, तेव्हा त्यांच्या अंगी मुरलेल्या बायकी ढबीमुळे ही निवड सर्वांना रुचली नव्हती. तुकारामासारखा रोखठोक कवी, आणि त्याची भूमिका स्त्रीपार्टी नटाने करायची? पुढे काय घडले ते सर्वश्रुत आहे. मुंबईत हा चित्रपट वर्षभराहून अधिक काळ चालला, १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला, आणि महाराष्ट्रातील असंख्य घरांत तुकारामाला पागनिसांचा चेहरा मिळाला. त्यानंतर पडद्यावर ते तुलसीदास झाले, नरसी भगत झाले. १९४३ साली त्यांचे निधन झाले. एकेकाळचा स्त्रीपार्टी नट संतभूमिकांचा मानकरी ठरला.

पागनीस आपले पूर्वायुष्य विसरून तुकाराम झाले, असा याचा अर्थ लावता येईल. आमचा कल उलट बाजूला आहे. चित्रपट पुन्हा पाहावा. जिजाई तडफेने वावरते. ती भांडते, म्हशीची काळजी वाहते, पोरांच्या दुखण्याने चिडून विठोबाला जाब विचारायला देवळात धावते. तुकाराम मात्र मृदू आहे. खाली वळलेली नजर, संथ चाल, अर्धवट मिटलेले डोळे, बोलण्यात आर्जव. रूढ अर्थाने 'पुरुषी' ती आहे आणि 'बायकी' तो आहे. ज्या ढबीविषयी शंका घेतली गेली, तीच भूमिकेचा प्राण ठरली.

याचे कारण अभिनयाच्या इतिहासाइतकेच आपल्या संतकाव्यातही आहे. विठ्ठलाला माउली म्हणणारी ही परंपरा आहे. तिच्यातील पुरुष कवी स्वतः गौळण होतो, विरहिणी होतो, माहेरची वाट पाहणारी सासुरवाशीण होतो. तुकारामाच्या गाथेत अशा स्त्रीमुखी रचना आहेत, ज्ञानदेवांच्या नावावरील विराण्यांत तर हा स्वर मुख्यच आहे. भक्ताचा आवाज स्त्री-पुरुष ही सीमा सहज ओलांडतो. पागनिसांना तुकाराम होण्यासाठी आपल्यातील शारदा मारावी लागली नाही. मराठी कवितेने तिच्यासाठी आधीच जागा राखून ठेवली होती.

मग हीच जागा बालगंधर्वांना का मिळाली नाही? हा प्रश्न अवघड आहे, आणि आमच्या मते या विषयाचे मर्म तेथेच आहे. १९०५ साली मिरजेस शकुंतला म्हणून उभे राहिलेले नारायण श्रीपाद राजहंस भामिनी, सिंधू, कान्होपात्रा अशा भूमिकांतून महाराष्ट्राच्या स्त्रीकल्पनेचेच रूप बनले. घराघरांतील स्त्रिया त्यांच्यासारखे नेसू लागल्या, नटू लागल्या. १९३५ साली प्रभातच्या 'धर्मात्मा'त ते संत एकनाथ झाले, तेव्हा त्यांचे वय सत्तेचाळीस होते. म्हणजे 'संत तुकारामा'च्या आदल्याच वर्षी, त्याच संस्थेत, तोच प्रयोग झाला होता: स्त्रीपार्टी नट, संताची भूमिका, भक्तिगीतांची साथ. तरी तो रुजला नाही.

एक कारण चित्रपटाच्या रचनेत सापडते. भारुडांत नाना स्त्रियांचे आवाज लीलया काढणारा एकनाथ 'धर्मात्मा'ला फारसा नको होता. त्याला हवा होता अस्पृश्यतेविरुद्ध उभा राहणारा सुधारक. या चित्रपटाचे मूळ नाव 'महात्मा' होते आणि सेन्सॉरच्या आक्षेपामुळे ते बदलावे लागले, यावरूनच त्याचा रोख ध्यानात येतो. ज्या एका संतापाशी बालगंधर्वांच्या साऱ्या कमाईला वाव मिळू शकला असता, त्याच्या चरित्रातील नेमका तो भाग पटकथेबाहेर राहिला. दुसरे कारण अधिक कठोर आहे. पागनीस प्रेक्षकांना पूर्वीच्या रूपात फारसे आठवत नव्हते. बालगंधर्व मात्र कोणीही विसरले नव्हते. पागोटे घातलेल्या एकनाथात लोक भामिनी शोधत होते. पागनिसांना विस्मृतीने मोकळे केले, बालगंधर्वांना कीर्तीने बांधून ठेवले.

पुढे १९३७ साली बाबूराव पेंटर यांच्या 'साध्वी मीराबाई'त ते पुन्हा स्त्री झाले. रंगमंचावर दिव्यांचा प्रकाश, प्रेक्षकांपासूनचे अंतर आणि मुख्य म्हणजे गाणे यांच्या साह्याने जो भ्रम टिकत असे, तो कॅमेऱ्याच्या जवळिकीत टिकणे कठीण होते. चित्रपट हे त्यांचे क्षेत्र ठरले नाही. उत्तरायुष्यात त्यांचे भजन लोकांना ओढून आणीत राहिले. १९६४ साली पद्मभूषण मिळाले, १५ जुलै १९६७ रोजी ते गेले. भूमिका सुटली तरी गळा राहिला. ज्या भक्तिगीताने पागनिसांना नवे रूप दिले, त्याने बालगंधर्वांना निदान आसरा दिला.

येथे एक इशारा स्वतःलाच द्यायला हवा. या नटांविषयी हळहळ व्यक्त करताना, त्यांचे वैभव कोणाच्या अनुपस्थितीवर उभे होते हे विसरून चालणार नाही. 'मोहिनी भस्मासुरा'त (१९१३) दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई पडद्यावर आल्या, त्या काळात नटी होणे म्हणजे प्रतिष्ठेवर पाणी सोडणे होते. सभ्य स्त्रीने कसे चालावे, कसे लाजावे, कसे रडावे याचे नमुने रंगमंचावर पुरुष घालून देत होते आणि स्त्रिया प्रेक्षागृहात बसून ते शिकत होत्या. १९३३ नंतर जे घडले तो न्यायच होता.

पण न्याय झाला म्हणून ज्यांच्या हातून कला निसटली त्यांची नोंद पुसून टाकण्याचे कारण नाही. आपल्या इतिहासलेखनात 'कृत्रिम' हा शब्द फार लवकर उच्चारला जातो. ज्याला आपण कृत्रिम म्हणून बाजूला सारतो, तेच 'कुंकू'तील काकासाहेबांच्या ओशाळलेपणात आणि पागनिसांच्या तुकारामाच्या आर्जवात आपण 'स्वाभाविक अभिनय' म्हणून वाखाणतो. नटाची पहिली भूमिका नंतरच्या भूमिकांच्या पोटात मुरलेली असते. ती फळते की नाही, हे नटाच्या गुणांइतकेच नव्या काळाने त्याच्यासाठी कोणती जागा मोकळी ठेवली यावर ठरते. नाट्यवाङ्मयाचा इतिहास शिकवताना यापुढे स्त्रीपार्टीचे प्रकरण १९३३ पाशी मिटू नये, एवढीच आमची अपेक्षा. ते निदान १९३६ पर्यंत, देहूच्या त्या शांत, खाली वळलेल्या नजरेपर्यंत यावे.