जेऊरच्या काचा आणि आजचे स्टॅकिंग

सोलापूरहून पुण्याला जाताना कुर्डुवाडी मागे पडली की पुढे जेऊर स्टेशन लागते. करमाळा तालुक्यातले हे गाव. २२ जानेवारी १८९८ रोजी दुपारी इथे सूर्य पूर्ण झाकला गेला तेव्हा त्याच्याकडे रोखलेल्या दुर्बिणी आणि कॅमेरे वेगवेगळ्या मोहिमांचे होते. एक मोहीम अमेरिकेच्या लिक वेधशाळेची, विल्यम वॉलेस कॅम्पबेल यांच्या नेतृत्वाखालची. दुसरी पुण्याच्या महाराजा तख्तसिंगजी वेधशाळेची, कावसजी दादाभाई नायगमवाला यांची. सव्वाशे वर्षांनंतर त्याच जिल्ह्यात, जुळे सोलापुरातल्या एखाद्या गच्चीवर ट्रायपॉड लावून कोणी मृग नक्षत्रातल्या तेजोमेघाच्या शंभर फ्रेम घेतो आणि मग त्याला प्रश्न पडतो, की या एकावर एक रचायच्या कशाने? डीपस्कायस्टॅकर, सिरिल की पिक्सइनसाइट? हा प्रश्न बहुधा किमतीचा किंवा सोयीचा म्हणून विचारला जातो. माझ्या मते तो विश्वासाचा आहे, आणि त्याचे उत्तर शोधायचे तर काचेच्या प्लेटांच्या काळापासून सुरुवात करावी लागते. अनेक चित्रांचे एक चित्र करताना काहीतरी टाकून द्यावेच लागते. काय टाकले आणि कोणत्या नियमाने, याचा हिशेब जे साधन दाखवते ते निवडावे, हे या इतिहासातून निघणारे माझे मत आहे.

अनेक चित्रे घ्यावीच का लागली, हे आधी पाहू. खग्रास ग्रहणात दिसणारा प्रभामंडल सूर्याच्या कडेशी अतिशय तेजस्वी असतो आणि बाहेर जाता जाता हजारो पटींनी मंदावतो. एवढा फरक एका काचेवर मावत नाही. कमी वेळ प्रकाश दिला तर बाहेरचे किरण उमटत नाहीत, जास्त दिला तर आतला भाग जळून पांढरा होतो. म्हणून निरनिराळ्या कालावधीच्या प्लेटा घ्यायच्या. जेऊरला त्यासाठी खग्रास स्थिती मिळाली जेमतेम दोन मिनिटांची. कॅम्पबेल यांच्या कॅमेऱ्याचे नाभीय अंतर ४० फूट होते. भिंग वर मनोऱ्यावर पक्के बसवलेले आणि प्लेट खाली. एवढ्या लांबीच्या भिंगातून सूर्याची प्रतिमा सुमारे ११ सेंटिमीटर रुंद पडते, आणि आकाशाच्या फिरण्यामुळे सूर्य साधारण दोन मिनिटांत स्वतःच्या रुंदीइतका सरकतो. म्हणजे काही केले नसते तर खग्रास संपेपर्यंत प्रतिमा आपली जागा पूर्ण सोडून गेली असती. इतका लांब कॅमेरा फिरवणे अवघड, म्हणून घड्याळाच्या यंत्राने प्लेटच प्रतिमेच्या गतीने सरकवली जाई. आज सॉफ्टवेअर ताऱ्यांच्या जागा जुळवून फ्रेम एकमेकींवर बसवते. तेव्हा निदान एका प्लेटपुरती ही जुळवणी लोखंडी चाकांनी, प्रकाश पडत असतानाच होत असे.

वेगवेगळ्या प्लेटांचे एक चित्र करण्याचे काम मात्र हाताचे होते. त्याचा सर्वांत बोलका दाखला २६ वर्षे आधीचा आहे, आणि तोही भारतातला. १२ डिसेंबर १८७१ च्या खग्रास ग्रहणाची छायाचित्रे मलबार किनाऱ्यावरच्या बेकलला आणि निलगिरीतल्या दोड्डबेट्टा शिखरावर घेतली गेली. या प्लेटांवरून विल्यम वेस्ली यांनी प्रभामंडलाचे एकत्रित रेखाटन केले. वेस्ली पेशाने छपाईसाठी चित्रे कोरणारे कारागीर. पुढे ते लंडनच्या रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीचे सहायक सचिव झाले. एका प्लेटवरून आतली वलये घ्यायची, दुसरीवरून लांबचे किरण, आणि सगळे एका कागदावर उतरवायचे. या कामाचे मोल निव्वळ कौशल्यात नव्हते. दोन्ही ठिकाणे एकमेकांपासून दोनशेहून अधिक किलोमीटर दूर, एक समुद्रकाठी आणि दुसरे अडीच हजार मीटरहून उंच. दोन्हीकडच्या प्लेटांवर जी फट किंवा जो किरण सारखाच दिसला, तो पृथ्वीच्या हवेतला किंवा काचेवरचा दोष असण्याची शक्यता उरली नाही, तो सूर्याचाच. एकाच प्लेटवर दिसते ते संशयास्पद, अनेकांवर दिसते ते ग्राह्य, हा नियम इथे उघड वापरात आहे. आजची स्टॅकिंगची सॉफ्टवेअर सिग्मा क्लिपिंग नावाने हेच करतात. प्रत्येक बिंदूसाठी सगळ्या फ्रेममधले आकडे पाहायचे, बाकीच्यांपासून फार दूर पडलेला आकडा वगळायचा आणि उरलेल्यांची सरासरी घ्यायची.

यावर जाणकार म्हणतील की ही तुलना ओढूनताणून आहे. ग्रहणात वेगवेगळ्या कालावधीच्या प्लेटा जोडल्या, त्या तेजाचा पल्ला वाढवण्यासाठी. गच्चीवरचा छायाचित्रकार सारख्याच कालावधीच्या फ्रेम रचतो, ते नॉइज कमी करण्यासाठी. आक्षेप खरा आहे. फ्रेम चौपट केल्या की यादृच्छिक नॉइज निम्मा होतो, शंभर केल्या की दहावा हिस्सा उरतो. वेस्लींच्या कागदावर असले गणित नव्हते. पण उद्दिष्टे दोन असली तरी निर्णय तेच राहतात. कोणती फ्रेम घ्यायची, कोणत्या फ्रेमला आधार मानून बाकीच्या जुळवायच्या, कोणाला किती वजन द्यायचे, किती दूरचा आकडा चुकीचा समजायचा? हे निर्णय सॉफ्टवेअर स्वतःहून घेत नाही. कोणीतरी ठरवून दिलेल्या मर्यादांनी ते चालते, आणि आपण त्या न पाहता बटण दाबले तर दुसऱ्याचा निर्णय आपल्या चित्रात उतरतो. वेस्लींचा हात निदान सगळ्यांना दिसत होता.

शिवाय वगळलेले सगळे खोटेच असते असेही नाही. उपग्रहाची रेघ पुसली गेली तर कोणी हळहळणार नाही. पण एकाच फ्रेममध्ये चमकून गेलेली उल्काही त्याच नियमाने पुसली जाते, आणि ती तर अगदी खरी होती. १८९८ च्याच ग्रहणात वऱ्हाडातल्या तळणी इथे ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ ॲनी माँडर यांनी एका लहान कॅमेऱ्याने प्रभामंडलाचा एक अतिशय लांब किरण टिपला. मोठमोठ्या यंत्रांच्या गर्दीत त्या लहान काचेचे महत्त्व टिकले ते काच जपली गेली म्हणून, आणि ती कशी घेतली हे लिहून ठेवले गेले म्हणून. नायगमवालांनीही जेऊरच्या निरीक्षणांचा स्वतंत्र अहवाल सिद्ध केला. तो १९०२ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या वेधशाळेने हे काम केले ती १९१२ मध्ये बंद झाली आणि तिची उपकरणे कोडाईकनालला गेली. पुण्याच्या विज्ञानाच्या इतिहासातली ही खंत करण्याजोगी गोष्ट आहे. वेधशाळा गेली, अहवाल राहिला.

संगणक आल्यावर ही शिस्त सुटली नाही, उलट कडक झाली. डिसेंबर १९९५ मध्ये हबल दुर्बिणीने सप्तर्षीतल्या एका चिमुकल्या तुकड्याकडे दहा दिवस पाहिले आणि ३४२ फ्रेम घेतल्या. प्रत्येक फ्रेमवर वैश्विक किरणांचे ठिपके होते. अनेक फ्रेम जुळवल्याशिवाय खरी दीर्घिका कोणती आणि ठिपका कोणता हे सांगणे अवघड होते. त्या फ्रेम रचण्यासाठी अँड्र्यू फ्रुक्टर आणि रिचर्ड हुक यांनी ड्रिझल ही पद्धत विकसित केली. ती पद्धत प्रसिद्ध झाली, निरीक्षणेही काही आठवड्यांतच सर्वांसाठी खुली झाली. ज्याला शंका येईल त्याने पुन्हा रचून पाहावे, अशी ती सोय. ड्रिझल आज हौशी मंडळींच्या सॉफ्टवेअरमध्येही असते.

या कसोटीवर आजची साधने पाहिली तर निवड बरीच सोपी होते. ग्रहांसाठी रेजिस्टॅक्स किंवा ऑटोस्टाकर्ट. व्हिडिओतल्या हजारो फ्रेमची प्रत लावून किती टक्के घ्यायच्या हे तिथे आपणच ठरवतो. तेजोमेघ आणि दीर्घिकांसाठी डीपस्कायस्टॅकर विनामूल्य आहे आणि प्रत्येक फ्रेमला गुण देते; सुरुवातीला ते उत्तम. पिक्सइनसाइटला पैसे मोजावे लागतात, पण चित्रावर झालेल्या प्रक्रियांची नोंद ते फाइलसोबत ठेवते. माझा कल सिरिलकडे आहे. ते विनामूल्य आहे, त्याचा सोर्स कोड खुला आहे, आणि त्याच्या स्क्रिप्ट साध्या मजकुराच्या फाइली असल्याने कोणती पायरी कोणत्या मर्यादेने झाली हे उघडून वाचता येते, बदलता येते. सोलापूरसारख्या शहरात, जिथे दिव्यांचा उजेड आकाशात पसरतो आणि पार्श्वभूमी काढून टाकण्याचा निर्णय प्रत्येक चित्रात घ्यावाच लागतो, तिथे या वाचता येण्याला मोठे महत्त्व आहे.

आणखी एक आक्षेप उरतो. छंद म्हणून चित्र काढणाऱ्याला सुंदर चित्र हवे असते. त्याने अहवाल का लिहावा? सौंदर्याचा हक्क कोणी नाकारत नाही. पण तेजोमेघाचे चित्र दाखवताना आपण ‘हे आकाशात आहे’ असे म्हणत असतो, आणि पाहणारा ते मान्य करतो. कृत्रिम बुद्धिमत्तेने नॉइज काढणारी साधने आता सहज मिळतात. ती सरासरी काढत नाहीत, पूर्वी पाहिलेल्या चित्रांवरून अंदाज बांधतात. त्यामुळे कोणत्याच फ्रेममध्ये नसलेला धागा त्यांच्या चित्रात येऊ शकतो. अशा वेळी मूळ फ्रेम, कॅमेऱ्याचे दोष काढण्यासाठी घेतलेल्या डार्क आणि फ्लॅट फ्रेम आणि स्क्रिप्टची फाइल जवळ असेल तर तो धागा पाच मिनिटांत तपासता येतो: फ्रेमचे दोन गट करायचे, दोन्ही वेगवेगळे रचायचे आणि बेकल-दोड्डबेट्टाच्या प्लेटांप्रमाणे शेजारी ठेवून पाहायचे.