ट्रॅक्टरकडून आलेलं भांडं

नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगाव, मोलगी, तोरणमाळच्या चढांवर धावलेल्या जुन्या जीपचं बॉनेट उघडलं, की एक काळं, गोल, पत्र्याचं भांडं दिसतं. कागदोपत्री तो एअर क्लीनर. गॅरेजमध्ये त्याला ‘ऑइल बाथ’च म्हणतात. खाली वाटी, वाटीत इंजिन ऑइल, वर तारेच्या जाळीचा दाट गुंता आणि तिथून कार्ब्युरेटरकडे जाणारी नळी. हौसेने जुनी गाडी घेणारा माणूस रंगावर, क्रोमवर, सीटच्या कापडावर मोकळ्या हाताने खर्च करतो. या भांड्याकडे त्याचं लक्ष सगळ्यात शेवटी जातं आणि गेलंच तर पुष्कळदा ते काढून त्या जागी नवा कागदी फिल्टर बसवला जातो. असं होऊ नये असं मला मनापासून वाटतं, म्हणून या भांड्याचं घराणं सांगतो.

इंजिन पेट्रोलपेक्षा हवाच जास्त खातं. एक लिटर पेट्रोल नीट जळायला सुमारे नऊ हजार लिटर हवा लागते. ती हवा कच्च्या रस्त्यावरची असेल तर तिच्याबरोबर बारीक वाळूचे कणही आत जातात. हे कण लोखंडालाही ओरखडतात. सिलिंडरच्या भिंतीवरच्या तेलात ते मिसळले की तिथे पॉलिश पेपर घासल्यासारखं होतं. रिंगा झिजतात, बोअर मोठा होतो, इंजिन ऑइल पिऊ लागतं आणि मागून निळा धूर निघतो. मग इंजिन उतरवण्यावाचून इलाज राहत नाही.

तरीही पहिल्या मोटारींना फिल्टर नव्हता. घोडागाडीच्या वेगाने, गावातल्या गावात फिरणाऱ्या श्रीमंतांच्या गाड्या त्या; इंजिन लवकर झिजलं तर ते दुरुस्त करणारे लोक हाताशी होते. धुळीचं खरं दुखणं पहिल्यांदा उघडं पडलं ते शेतात. ट्रॅक्टर दिवसभर स्वतःच उडवलेल्या धुळीत चालतो. 1915 साली अमेरिकेत फ्रँक डोनाल्डसन नावाचा तरुण ‘बुल’ कंपनीचे ट्रॅक्टर विकत होता. युटा राज्यातल्या एका शेतकऱ्याचं इंजिन धुळीने पुनःपुन्हा बसत होतं. डोनाल्डसनने तारेचा पिंजरा केला, त्यावर लवदार कापड चढवलं आणि तो इंजिनाच्या हवेच्या वाटेवर बसवला. इंजिन टिकलं. आपल्या ट्रॅक्टरमध्ये दोष आहे असा त्यातून अर्थ निघतो, हे कंपनीला रुचलं नाही आणि त्याची नोकरी गेली. त्याने आपल्या माणसांना घेऊन स्वतःचा कारखाना काढला. डोनाल्डसन कंपनी आजही फिल्टर बनवते.

कापडानंतर पाणी आलं. हेन्री फोर्डच्या 1917 च्या फोर्डसन ट्रॅक्टरवर हवा पाण्यातून काढून धुवायची सोय होती. कल्पना चांगली, पण उन्हाळ्यात पाणी उडून जातं, थंड मुलखात गोठतं. पाण्याच्या जागी तेल आलं आणि गोष्ट जमली. ऑइल बाथचं काम फार सुरेख आहे. हवा वेगाने खाली येते, तेलाच्या पृष्ठभागाजवळ एकदम वळून वर निघते. हवेला हे वळण जमतं, जड धुळीला जमत नाही. ती सरळ तेलात जाऊन पडते. जे बारीक कण उरतात ते वरच्या तेलकट जाळीत अडकतात आणि जाळीवरून परत ओघळणारं तेल त्यांना खाली वाटीत आणून सोडतं. म्हणजे यंत्र चालता चालता आपली जाळी आपणच धुतं.

ट्रॅक्टरची ही युक्ती मोटारींनी उचलली आणि दुसऱ्या महायुद्धाने ती जगभर नेली. उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटात धूळ हा शत्रूइतकाच मोठा प्रश्न होता. तिथल्या स्पिटफायर विमानांना नाकाखाली मोठे फिल्टर लावावे लागले आणि त्यापायी त्यांचा थोडा वेगही गेला. त्याच युद्धात विलीज आणि फोर्ड या दोन कंपन्यांनी मिळून सुमारे साडेसहा लाख जीप बनवल्या. प्रत्येक जीपमध्ये ऑइल बाथ होता.

1947 मध्ये महिंद्रांनी मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू केली. या जीप आमच्या नंदुरबारकडेही आल्या. नंदुरबार तेव्हा पश्चिम खानदेशचा भाग होता. पुढे धुळ्याचा झाला आणि 1 जुलै 1998 ला स्वतंत्र जिल्हा. जीपला या मुलखात कामाचा तोटा पडला नाही. देवगोईचा घाट, चांदशैलीचा घाट, अक्राणीचे पाडे, काठी गावच्या होळीला निघालेली माणसं, दवाखान्यात न्यायचा रुग्ण, बाजाराचं ओझं. हे सगळं जीपच्या भरवशावर होतं. दिवाळीनंतर पाऊस विसरलेल्या त्या वाटांवर पुढच्या गाडीची धूळ मागच्या गाडीला रस्ता दिसू देत नाही. तिथे हे भांडं आपल्या जन्मगावी आल्यासारखं होतं. वाटीतला गाळ ओतायचा, वाटी डिझेलने धुवायची, नवं ऑइल रेषेपर्यंत भरायचं आणि निघायचं. सुटा भाग शहाद्याहून मागवायची गरज नाही.

1950 च्या दशकात घड्या घातलेल्या कागदाचा फिल्टर मोटारींवर आला आणि हळूहळू ऑइल बाथ मागे पडला. खरं ते सांगितलं पाहिजे: कागद जास्त बारीक धूळ पकडतो आणि इंजिन मंद चालत असतानाही तितकंच काम करतो. ऑइल बाथला हवेचा वेग लागतो. गाडी उभी राहून फुरफुरत असते तेव्हा त्याची पकड सैल पडते. रोज हमरस्त्यावर धावणाऱ्या गाडीला कागदच बरा. पण कागद भरला की टाकायचा असतो, ओला झाला की बिघडतो आणि त्यावर हवेची जोरदार फुंकर मारली की त्याला डोळ्यांना न दिसणारी छिद्रं पडतात.

मोटारींनी सोडलं ते ट्रॅक्टरने धरून ठेवलं. 1963 साली इंटरनॅशनल हार्वेस्टरच्या भागीदारीत महिंद्रांनी ट्रॅक्टरची कंपनी काढली आणि बी-275 हे मॉडेल शेतात उतरलं. त्यालाही ऑइल बाथच. शहादा-तळोद्याच्या तापीकाठच्या काळ्या जमिनीत, उसाच्या, केळीच्या, पपईच्या मळ्यांत असे ट्रॅक्टर अजून चालतात. त्यामुळे विंटेज गाडीची ही विद्या संग्रहालयात किंवा मुंबईच्या महागड्या गॅरेजमध्ये शोधायचं कारण नाही. ती ट्रॅक्टरच्या मिस्तरीकडे जिवंत आहे.

तो मिस्तरी जे करतो ते थोडकं आणि नेमकं असतं. वाटीच्या तळाशी गाळाचा थर जमला की सगळं तेल काढायचं. वरून तेल साफ दिसतं म्हणून सोडायचं नाही. जाळी रॉकेलमध्ये किंवा डिझेलमध्ये बुडवून हलवायची, उलटी ठेवून निथळू द्यायची. पेट्रोलने धुवायची नाही, आगीचा धोका असतो. नाला ओलांडताना आत पाणी शिरलं तर तेल दुधाळ होतं. ते त्याच दिवशी बदलायचं. क्लीनरपासून इंजिनापर्यंतची रबरी नळी आणि तिच्या पट्ट्या तपासायच्या, कारण तिथे चीर असेल तर सगळा फिल्टर फुकट जातो. धूळ मागच्या दाराने आत येते. आणि तेल रेषेच्या वर एक थेंबही नको. जास्त भरलेलं तेल इंजिन ओढून घेतं. पेट्रोलच्या गाडीत प्लग काळे होतात, पण डिझेलच्या इंजिनात तेच तेल इंधन होऊन जळतं आणि चावी बंद करूनही इंजिन आवरत नाही.

2021 पासून पन्नास वर्षांपेक्षा जुन्या दुचाकी-चारचाकींची केंद्र सरकारच्या नियमांनुसार विंटेज म्हणून वेगळी नोंदणी होते. त्यांच्या क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरं येतात आणि त्या प्रदर्शन, रॅली, इंधन, देखभाल अशा कामांपुरत्याच रस्त्यावर आणता येतात. इतकी कमी धावणारी गाडी आणि मूळ अवस्थेत टिकवायची गाडी, या दोन्ही कारणांनी तिच्यावर ऑइल बाथच असला पाहिजे. तुमच्याकडे अशी जीप किंवा जुनी अ‍ॅम्बेसेडर असेल आणि तिचं भांडं गोठ्यात, माळ्यावर कुठे पडलेलं असेल, तर ते भंगारात घालू नका. जवळच्या ट्रॅक्टर-गॅरेजमध्ये न्या, जाळी धुऊन घ्या आणि परत बसवा.