पाटणचा मठ आणि अक्षरांचे सांचे

जळगांव जिल्ह्यांत चाळीसगांवजवळच्या पाटण येथें भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनीं आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठीं मठ स्थापिला, असें इ. स. १२०७ मधील शिलालेखावरून कळतें. त्या ग्रंथांपैकीं ‘लीलावती’त (११५०) गायत्री छंदाचे भेद किती, असा प्रश्न आहे. प्रत्येक अक्षर लघु किंवा गुरु. म्हणून सहा अक्षरांच्या चरणाचे ६४ आणि चार चरणांचे मिळून १,६७,७७,२१६ भेद होतात.

या अफाट राशींतून वृत्त हें चाळणीप्रमाणें मोजकेंच निवडून घेतें. भुजंगप्रयात घ्या : लघु, गुरु, गुरु असा य-गण चार वेळां. तो ओळखणारास आपण कितव्या अक्षरावर आहों एवढेंच ध्यानांत ठेवावें लागतें. १९५६ सालीं अमेरिकन गणिती क्लीनी यांनीं अशा सांच्यांचें शास्त्र प्रसिद्ध केलें. त्यांत क्रिया तीनच : एकामागून एक, हा किंवा तो, आणि हवें तितक्या वेळां. या सांच्यांना मर्यादित स्मृति पुरते.

१९६८ मध्यें केन टॉम्सन यांनीं हे सांचे संगणकावर मजकूर शोधण्याच्या कामीं लावले. पुढें व्यवहारी लोकांनीं त्यांत ‘मागें आलेलें तसेंच पुन्हां’ ही आज्ञा घातली. ही तर यमकाची रीत! काव्यांतील यमक बहुधा दोन-चार अक्षरांचें असतें. पण पुनरुक्त भागास मर्यादाच नसेल, तर मर्यादित स्मृति अपुरी पडते आणि सांचा क्लीनींच्या शास्त्राबाहेर जातो. शिवाय शोधाचें कामहि कधीं कधीं बेसुमार वाढतें. म्हणून मजकूर तपासणारानें आधीं पाहावें कीं, आपलें काम गणांचें आहे कीं यमकाचें; गणांचें असेल, तर साधा सांचाच भला.