लहान आतडे : अन्नाचे पचन आणि पाण्याचा हिशेब

घास गिळला म्हणजे अन्न शरीरात गेले, असे आपण समजतो. शरीरशास्त्राच्या दृष्टीने मात्र ते तसे नसते. तोंडापासून गुदद्वारापर्यंतचा अन्नमार्ग ही दोन्ही टोकांना उघडी असलेली एक लांब नळी आहे. या नळीच्या भिंतीतून पार होऊन अन्नघटक रक्तात किंवा लसीकेत मिसळतात, तेव्हाच ते शरीराचे होतात. अन्नाचे सूक्ष्म रेणूंत विघटन होणे म्हणजे पचन आणि ते रेणू आत घेतले जाणे म्हणजे शोषण. ही दोन्ही कार्ये प्रामुख्याने लहान आतड्यात पार पडतात.

जठरापर्यंतचा प्रवास

पचनाला तोंडातच प्रारंभ होतो. लाळेतील अमायलेज हे विकर पिष्टमय पदार्थांचे शर्करेत रूपांतर करू लागते. भाकरीचा घास बराच वेळ चावल्यावर गोडसर लागतो, तो यामुळेच. पुढे सुमारे २५ सेंटिमीटर लांबीच्या अन्ननलिकेतून स्नायूंच्या लाटेसारख्या आकुंचनाने घास जठरात उतरतो. या हालचालीस क्रमसंकोच म्हणतात. जठरात हायड्रोक्लोरिक आम्ल व पेप्सिन यांच्या साहाय्याने प्रथिनांचे विघटन सुरू होते आणि अन्नाची पातळ लापशी तयार होते. ती एकदम नव्हे, तर थोडीथोडी करून लहान आतड्यात सोडली जाते.

रचना व कार्य

लहान आतड्याची लांबी सुमारे सहा मीटर असते. ग्रहणी हा त्याचा सुरुवातीचा, जेमतेम २५ सेंटिमीटरचा भाग. यकृतात तयार होणारे पित्त आणि स्वादुपिंडाचा रस येथेच येऊन मिळतो. पित्तामुळे स्निग्ध पदार्थांचे बारीक थेंब होतात, तर स्वादुपिंडाच्या रसातील विकरे पिष्टमय पदार्थ, प्रथिने व स्निग्ध पदार्थ या तिघांवरही कार्य करतात. जठरातील आम्ल ग्रहणीत पोहोचताच तेथून सिक्रेटिन नावाचा स्राव रक्तात मिसळतो आणि स्वादुपिंडाला जागे करतो. १९०२ मध्ये बेलिस व स्टार्लिंग या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी तो शोधून काढला. संप्रेरक म्हणून ओळखला गेलेला हा पहिला पदार्थ होय.

आतड्याचे आतील अस्तर गुळगुळीत नसते. त्यावर घड्या असतात, घड्यांवर रसांकुर नावाचे बोटांसारखे लाखो सूक्ष्म उंचवटे असतात आणि रसांकुरांच्या पेशींवर त्याहूनही बारीक तंतू असतात. त्यामुळे शोषणाचे क्षेत्रफळ अनेक पटींनी वाढते. ते टेनिसच्या मैदानाएवढे असल्याचे पूर्वी सांगितले जाई. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोजमापानुसार ते सुमारे ३० चौरस मीटर, म्हणजे बॅडमिंटनच्या मैदानाच्या निम्म्याहून थोडे कमी भरते.

नऊ लिटरांचा हिशेब

अन्नपाण्यातून माणूस दिवसाला साधारण दोन लिटर पाणी घेतो. लाळ, जठररस, पित्त, स्वादुपिंडाचा रस आणि आतड्याचे स्वतःचे स्राव मिळून आणखी सुमारे सात लिटर द्रव अन्नमार्गात उतरतो. या नऊ लिटरांपैकी बहुतांश द्रव लहान आतडे परत शोषून घेते. उरलेल्यातील बराचसा मोठे आतडे घेते आणि मलावाटे केवळ १०० ते २०० मिलिलिटर पाणी बाहेर पडते. हा हिशेब थोडा जरी बिघडला, तरी जुलाब होतात. लहान मुलाच्या शरीरातील पाण्याचा साठा मुळातच अल्प असल्याने काही तासांतच त्याचा जीव धोक्यात येऊ शकतो.

पटकीमध्ये, म्हणजे कॉलऱ्यात, नेमके हेच घडते. या रोगाचे जंतू आतड्यात विष सोडतात, हे डॉ. शंभुनाथ डे यांनी कोलकात्यात १९५९ मध्ये सिद्ध केले. या विषामुळे आतड्याच्या पेशी क्षार सतत बाहेर टाकू लागतात व त्यांच्यामागोमाग पाणीही जाते. परंतु एक दार उघडेच राहते. ग्लुकोज व सोडियम यांना जोडीने पेशीत घेणारी यंत्रणा या विषाने बंद पडत नाही. या जोडवाहतुकीची कल्पना रॉबर्ट क्रेन यांनी १९६० मध्ये मांडली होती. साखर आणि मीठ एकत्र दिल्यास दोन्ही शोषली जातात आणि त्यांच्याबरोबर पाणीही आत येते. नुसते पाणी किंवा नुसते मीठ दिल्याने हे साधत नाही.

बनगावची छावणी

१९७१ मध्ये बांगलादेश मुक्तिसंग्रामाच्या काळात पश्चिम बंगालमधील बनगाव येथे निर्वासितांमध्ये पटकीची साथ पसरली. शिरेवाटे देण्याचे सलाईन अपुरे पडू लागले. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, खाण्याचा सोडा व ग्लुकोज यांची पाकिटे तयार करवून ते द्रावण रुग्णांना पाजण्याचा निर्णय घेतला. ते पाजण्याचे काम रुग्णांच्या नातेवाइकांनीच केले. छावणीतील मृत्यूचे प्रमाण सुमारे ३० टक्के होते, ते या उपचाराखालील रुग्णांत चार टक्क्यांच्याही खाली आले. महालनबीस यांचे २०२२ मध्ये निधन झाले. २०२३ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर झाले.

घरोघरीची जलसंजीवनी

हेच द्रावण महाराष्ट्रात जलसंजीवनी किंवा ओआरएस या नावाने परिचित आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रानुसार बनवलेले एक लिटरचे पाकीट एक लिटर स्वच्छ पाण्यातच विरघळवावे. पाणी कमी घेतल्यास क्षारांचे प्रमाण वाढून अपाय होतो. पाकीट नसेल तेव्हा एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर व अर्धा सपाट चमचा मीठ घालावे. साखर अधिक झाल्यास जुलाब वाढतात, म्हणून शीतपेये हा पर्याय नव्हे. द्रावण घोटाघोटाने द्यावे. उलटी झाल्यास दहा मिनिटे थांबून पुन्हा सुरू करावे. अंगावरचे दूध व नेहमीचा आहार बंद करू नये. मुलांना डॉक्टरांच्या सल्ल्याने १० ते १४ दिवस जस्ताच्या गोळ्याही दिल्या जातात.

या द्रावणाने जुलाब तत्काळ थांबत नाहीत, शरीरातून गेलेले पाणी भरून निघते. त्यामुळे जुलाब चालूच आहेत म्हणून ते देणे सोडू नये. मूल सुस्त होणे, डोळे खोल जाणे, लघवी कमी होणे, काही पिता न येणे किंवा शौचात रक्त दिसणे यांपैकी एकही लक्षण आढळल्यास त्याला विनाविलंब रुग्णालयात न्यावे आणि वाटेतही, मूल पिऊ शकत असेल तर, द्रावण पाजत राहावे.