काळाची हांक आणि संचालक मंडळ

कंपनीचें संचालक मंडळ म्हणजे गलबतावरील तांडेल. वारा फिरला कीं त्यानें शीड फिरविलें पाहिजे. आपल्या नाशिक जिल्ह्यांतील रावळगांवचा इतिहास या दृष्टीनें बोधप्रद आहे.

मालेगांव तालुक्यांतील या गांवीं शेठ वालचंद हिराचंद यांनीं ऊंसशेती आरंभिली. १९३२ सालीं सरकारनें साखरधंद्यास जकातीचें संरक्षण देणारा कायदा केला आणि देशांत अनेक कारखाने निघाले. १९३३ सालीं रावळगांवचाही निघाला. पुढें १९४२ सालीं कंपनीनें गोळ्यांचा धंदा सुरू केला. घरच्या साखरेचें मोल वाढविण्याची ही युक्ति धोरणीपणाची होती. 'पान पसंद' आणि 'मँगो मूड' या गोळ्या पुढें घरोघरीं पोंचल्या.

परंतु गोळीची किंमत सुट्या नाण्याशीं जखडलेली असते. कच्चा माल, इंधन व मजुरी महागली, तरी ती वाढवितां येईना, प्रतिस्पर्धीही वाढले. अखेर २०२४ सालीं मंडळानें गोळ्यांचीं व्यापारचिन्हें व कृती २७ कोटी रुपयांस रिलायन्स समूहाच्या कंपनीस विकण्याचें ठरविलें. जमीन व इमारती मात्र राखल्या.

नांवाला मोल आहे तोंच तें विकणें, यास नादानी म्हणतां येणार नाहीं. तथापि पहिले दोन बदल संधि पाहून झाले, तिसरा नाइलाजानें झाला. म्हणून मंडळानें दरसाल केवळ जमाखर्च तपासून थांबूं नये. हा धंदा आज नव्यानें काढला असता काय, हेंही स्वतःस विचारावें.