दही बिघडतंय? एसटीसी-१००० थर्मोस्टॅट वापरा

ढोकीत मे महिन्यात दही पटकन आंबट होतं, थंडीत रात्रभर ठेवूनही लागत नाही. कारण एकच: तापमान. विरजणातल्या जिवाणूंना साधारण ४० अंश सेल्सिअस मानवतं. थंडीसाठी थर्माकोलचा डबा, ४० वॅटचा साधा पिवळा बल्ब आणि एसटीसी-१००० कंट्रोलर पुरे.

सेन्सर भांड्याला बाहेरून चिकटवा. हवा दुधाआधी तापते, म्हणून लटकता सेन्सर फसवतो. एफ१ मध्ये ४०, एफ२ मध्ये १ टाका: ३९ ला बल्ब लागेल, ४० ला विझेल. लाइट जाऊन आली तरी सेटिंग तसंच राहतं.

बल्ब थर्माकोलला टेकला तर आग लागू शकते, अंतर ठेवा. २३० व्होल्टचं वायरिंग इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या. उन्हाळ्यात बल्ब नकोच; दही लागलं की लगेच फ्रिजमध्ये.