सिकलसेल : ११व्या गुणसूत्रावरील दोष व जनुकीय उपचार

सिकलसेल हा आनुवंशिक रक्तविकार विदर्भ व नंदुरबारच्या आदिवासी भागात प्रामुख्याने आढळतो. ११व्या गुणसूत्रावरील जनुकात एकच बदल झाल्याने तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात व असह्य वेदना होतात. या बदलामुळे हिमोग्लोबिनमधील केवळ एक अमिनो आम्ल बदलते, हे व्हर्नन इनग्राम यांनी १९५७ मध्ये सिद्ध केले.

क्रिस्पर तंत्रावर आधारित ‘कॅसजेव्ही’ या उपचाराला २०२३ मध्ये ब्रिटन व अमेरिकेत मान्यता मिळाली. अमेरिकेत त्याची किंमत २२ लाख डॉलर ठरवण्यात आली. दिल्लीच्या आयजीआयबी संस्थेतील रेण्वीय जीवशास्त्रज्ञ देबोज्योती चक्रवर्ती व सहकाऱ्यांनी विकसित केलेली ‘बिरसा १०१’ ही स्वदेशी उपचारपद्धती २०२५ मध्ये जाहीर झाली.

आई-वडील दोघेही वाहक असल्यास प्रत्येक अपत्याला आजाराची शक्यता २५ टक्के असते. म्हणूनच विवाहापूर्वीची रक्ततपासणी महत्त्वाची ठरते.